वाताची गोळी मागण्याआधी

राणीसावरगावात माझं औषधाचं दुकान आहे. आमच्या गंगाखेड तालुक्यातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. सोबत कुठल्या कुठल्या दवाखान्यांतल्या गोळ्या असतात. चिठ्ठी मात्र फडावरच राहिलेली. मग कोणी म्हणतं, "भाऊ, सांधे लई धरलेत, वाताची गोळी द्या." मी विचारतो, दुसरी कोणती गोळी चालू आहे? "तिचा काय संबंध?" हे उत्तर ठरलेलं.

संबंध असू शकतो. ल्युपस या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच अवयवांवर उलटते. राखणदारानंच घरच्यांवर काठी उगारावी, तसं. एरवी तो बहुतेक तरुण बायकांना होतो, आणि का, ते नेमकं सांगता येत नाही. पण काहींना तो औषधामुळे होतो, मग बाई असो की पुरुष. रक्तदाबावरच्या हायड्रालाझिनमुळे असं होतं, हे १९५०च्या दशकातच ध्यानात आलं. क्षयावरचं आयसोनियाझिडही त्याच यादीत आहे. सांधे-स्नायू दुखतात, बारीक ताप राहतो, श्वास घेताना छातीत कळ येते. अडचण अशी, की हे गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी होतं. इतक्या दिवसांनी गोळीवर संशय कोण घेणार? माणूस दुखणं अंगावर काढतो, नाहीतर वाताच्या गोळ्या खात बसतो. वास्तविक मूळ औषध थांबवलं, की काही आठवड्यांत वा महिन्यांत बहुतेकांचा त्रास ओसरतो.

मात्र हे ऐकून क्षयाच्या गोळ्या कोणी बंद करू नयेत. आयसोनियाझिडमुळे ल्युपस होणं फार विरळा. क्षयाच्या उपचारातली सांधेदुखी बहुधा पायराझिनामाइड या दुसऱ्या गोळीमुळे असते. तिच्यानं रक्तातलं यूरिक आम्ल वाढतं. आणि कोर्स अर्धवट सोडला, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ते दुखणं सांधेदुखीपेक्षा कितीतरी भारी. कोणती गोळी थांबवायची, तिच्याजागी काय द्यायचं, हे डॉक्टरच ठरवतील. रक्ततपासणीचा नुसता कागदही पुरेसा नसतो. आयसोनियाझिड घेणाऱ्या काहींच्या रक्तात ल्युपसची खूण दिसते, पण आजार नसतो.

म्हणून दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, रिकाम्यासुद्धा. कोणती कधी सुरू झाली, ते आठवून सांगा. महिना नाही आठवला, तर पोळ्याआधी की पोळ्यानंतर, एवढंही चालतं. औषधाच्या त्रासाची नोंद रुग्णालाही करता येते. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा सरकारी फोन विनाशुल्क आहे.