वावर यवतमाळचं, वाटाघाट बाकूची



२०२३ चा खरीप आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेकांच्या ध्यानात असेल. २२ जुलैला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढा घातला. अडकलेल्या लोकांना बाहेर काढायला आपत्ती दलाची पथकं गेली, हवाई दलाची हेलिकॉप्टरंही मागवावी लागली. नाल्याकाठची वावरं खरडून गेली. ज्यांचं थोडंफार पीक वाचलं त्यांनी उघाड मिळताच डवरणी केली, पुन्हा खत टाकलं. मग ऑगस्ट लागला आणि पावसानं तोंड फिरवलं. देशभराचा हिशेब धरला, तर १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. एकाच हंगामात, एकाच वावरात, आधी पाण्यानं मार दिला आणि मग पाण्यावाचून. वर्षाची सरासरी काढली की कागदावर पाऊस बरा दिसतो. पऱ्हाटी आणि सोयाबीन मात्र सरासरीवर जगत नाहीत.

असं नुकसान झालं की पुढं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, तर ती अतिवृष्टी. पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के असेल, तर तुम्ही पात्र. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा संयुक्त पंचनामा. त्यानंतर यादी, यादीत नाव, खातं आधारशी जोडलंय की नाही ते बघणं, आणि शेवटी कधीतरी पैसे. आपत्ती निधीच्या २०२२-२६ साठीच्या निकषाप्रमाणे जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये. सरकारनं वर काही भर घातली तर ती वेगळी.

अशीच एक वाटाघाट गेली तीसहून अधिक वर्षं जगाच्या पातळीवर चालू आहे. तिथं वावराच्या जागी देश आहेत. नुकसान कुणाचं, ते मोजायचं कुणी, पैसे कुणी द्यायचे आणि कधी, हेच सगळे प्रश्न तिथंही आहेत. फरक एवढाच, की तिथं पंचनामा करणाऱ्यांत आणि पैसे देणाऱ्यांत बरेचसे तेच आहेत, ज्यांच्या धुरामुळं हे नुकसान सुरू झालं.

या वाटाघाटीत ‘सर्वांत कमी विकसित देश’ नावाचा एक गट आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९७१ पासून अशा देशांची यादी ठेवली आहे. दरडोई उत्पन्न, लोकांचं आरोग्य आणि शिक्षण, आणि अर्थव्यवस्था किती ठिसूळ, या तीन कसोट्या लावून दर तीन वर्षांनी तिची फेरतपासणी होते. २०२४ च्या अखेरीस यादीत ४४ देश उरले. बरेचसे आफ्रिकेतले, आपल्या शेजारचे म्हणाल, तर बांगलादेश, नेपाळ, म्यानमार, अफगाणिस्तान. या देशांत मिळून शंभर कोटींहून जास्त माणसं राहतात. आणि १८५० पासून २०१९ पर्यंत जगानं कोळसा, तेल, वायू जाळून जेवढा कार्बन हवेत सोडला, त्यात या सगळ्यांचा मिळून वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. हा हिशेब कुणा चळवळीच्या पत्रकातला नाही. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, अहवालातला आहे.

या देशांना वेगळी मदत द्यायची, हे १९९२ च्या हवामान करारातच लिहिलेलं आहे. २००१ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश इथं त्यांच्यासाठी स्वतंत्र निधी ठरला. त्या निधीतून काय होऊ शकतं, याचा एक नमुना सांगतो. भूतानमध्ये हिमनदी वितळून साचलेलं थोरथोर्मी नावाचं सरोवर आहे. १९९४ मध्ये त्याच्या शेजारचं लुग्ये सरोवर फुटलं आणि खाली पुनाखाच्या खोऱ्यात वीसहून अधिक माणसं वाहून गेली. थोरथोर्मी त्याहून धोक्याचं. म्हणून या निधीचा आधार घेऊन त्याची पातळी उतरवायचं ठरलं. तिथवर रस्ता नाही, यंत्र पोचत नाही. मजूर कित्येक दिवसांची पायपीट करून चार हजार मीटरच्या वर चढले आणि विरळ हवेत, बर्फासारख्या पाण्यात उभं राहून, कुदळ-फावड्यानं चर खणत राहिले. थंडी सुरू झाली की काम बंद, पुढच्या वर्षी पुन्हा चढाई. काही हंगामांत मिळून पाणी पाच मीटरच्या आसपास खाली आलं. आपल्याकडं नाला खोलीकरणावर ज्यांनी उन्हाळ्यात घाम गाळलाय, त्यांना या कामाची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

मग अशी कामं गावोगावी, देशोदेशी का होत नाहीत? कारण पैसा तुटपुंजा आहे, आणि जो येतो त्यातला बराचसा कर्जाच्या रूपात येतो. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी शब्द दिला, की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. ती मुदत टळली. त्यांच्याच संघटनेच्या, ओईसीडीच्या, हिशेबानं हा आकडा २०२२ मध्ये गाठला गेला. त्या वर्षी सरकारी वाटेनं जी रक्कम आली, तिच्यात सुमारे ६९ टक्के कर्ज होतं आणि २८ टक्के अनुदान. शिवाय मोठा हिस्सा सौरऊर्जा, पवनऊर्जा अशा कामांकडं गेला, कारण तिथं वीज विकली जाते आणि कर्ज फिटतं. बांध घालणं, चक्रीवादळात आसरा मिळेल असं पक्कं घर उभारणं, खारं पाणी शेतात शिरू न देणं, यातून कुणाच्या तिजोरीत परतावा येत नाही. म्हणून या कामांच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलं येतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अझरबैजानच्या बाकू शहरात पुढचा आकडा ठरवायला सगळे देश जमले. कमी विकसित देशांची मागणी होती, की आमच्यासाठी वर्षाला निदान २२० अब्ज डॉलर वेगळे राखून ठेवा. शेवटच्या दिवशी त्यांचे आणि छोट्या बेटांच्या देशांचे प्रतिनिधी बैठकीतून उठून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी पहाटे ठराव झाला: २०३५ पर्यंत सगळ्या विकसनशील देशांसाठी मिळून वर्षाला ३०० अब्ज डॉलर. म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण २५ लाख कोटी रुपये. हा पैसाही सरकारी, खासगी, सगळ्या वाटांनी. राखीव वाटा कुणालाच नाही. अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि त्यानंतर भारताच्या वतीनं अर्थ मंत्रालयाच्या चांदनी रैना यांनी उठून सांगितलं, की हा ठराव आम्हाला मान्य नाही, हा निव्वळ दृष्टिभ्रम आहे.

आता तुम्ही म्हणाल, भारत काही त्या यादीत नाही, मग यवतमाळनं यात डोकं का घालावं? घालावं, कारण कर्ज आणि अनुदान यांतला फरक आपण पाहिलेला आहे. अगदी या विषयातच पाहिलेला आहे.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला गावात सगळे पोकरा म्हणतात, तो हवामानाशी जुळवून घेणाऱ्या शेतीसाठीच आखलेला. २०१८ च्या फेब्रुवारीत जागतिक बँकेनं त्याला ४२ कोटी डॉलर मंजूर केले. मराठवाड्याचे आठही जिल्हे, जळगाव, वर्धा आणि पश्चिम विदर्भातले पाच, असे १५ जिल्हे. त्यात आपलं यवतमाळ. साधारण ४,००० कोटींच्या या प्रकल्पात ७० टक्के पैसा बँकेचा, आणि तो कर्जाऊ. म्हणजे पाऊस बिघडवला जगानं, आणि बिघडलेल्या पावसाला तोंड द्यायचा खर्च महाराष्ट्राच्या करदात्यानं फेडायचा. भारतासारखा देश असं कर्ज पेलू शकतो. पण मलावी किंवा हैतीला तेच कर्ज दिलं, तर वादळानं पाडलेली शाळा पुन्हा बांधायची की मागच्या कर्जाचा हप्ता भरायचा, असा प्रश्न त्या सरकारपुढं उभा राहतो. पीक बुडाल्यावर पुनर्गठन करून घेतलेलं पीककर्ज पुढच्या वर्षी कसं अंगावर येतं, हे विदर्भातल्या शेतकऱ्याइतकं कुणाला कळणार? म्हणून त्या ४४ देशांची मागणी, की आम्हाला अनुदान द्या, कर्जावर कर्ज चढवू नका, ही आपल्याला परकी वाटण्याचं कारण नाही.

पोकराची कामं चांगली नाहीत, असं मी म्हणत नाही. सोयाबीनची बीबीएफ पेरणी घ्या. ट्रॅक्टरमागच्या यंत्रानं एक रुंद वरंबा काढायचा, त्यावर चार ओळी, दोन्ही बाजूंना सरी. पावसाची झड लागली, तर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, भारी काळ्या जमिनीत मुळ्या सडत नाहीत, पीक पिवळं पडत नाही. पुढं खंड पडला, तर त्याच सरीत मुरलेली ओल आठवडाभर तरी पिकाला धरून ठेवते. २०२३ सारख्या वर्षी हे दोन्ही उपयोग एकाच हंगामात होतात. किंवा गावाचा पाण्याचा ताळेबंद. मुंबईच्या आयआयटीनं त्यासाठी गणिताची पद्धत बसवून दिली. किती पाणी पडलं, किती वाहून गेलं, किती मुरलं आणि रब्बीला किती उरतं, हे गावाला आधी कळलं, तर हरभऱ्याची पेरणी किती करायची ते अंदाजानं ठरवावं लागत नाही.

पण या योजनेतल्या एका अडचणीकडं नीट पाहिलं पाहिजे. वैयक्तिक लाभाच्या बहुतेक कामांत शेतकऱ्यानं आधी अर्ज करायचा, पूर्वसंमती घ्यायची, मग पदरचे पैसे घालून खरेदी करायची, बिलं चढवायची, मोका तपासणी व्हायची, आणि त्यानंतर अनुदान खात्यात जमा. गैरव्यवहार टाळायला ही पद्धत ठीक आहे. पण ठिबकचे पैसे आधी उभे करू शकतो कोण? ज्याच्याकडं काही आहे तो. पुसदच्या डोंगरपट्ट्यातला किंवा झरी जामणीतला कोलाम शेतकरी, अर्धेलीनं वावर करणारा, नवऱ्यामागं सातबाऱ्यावर नाव न लागलेली बाई, हे या दारापर्यंत पोचतच नाहीत. सर्वांत जास्त गरज ज्याला, त्याचा नंबर सर्वांत शेवटी.

देशांच्या पातळीवर नेमकं हेच घडतं. हरित हवामान निधी या जागतिक निधीतून पैसा घ्यायचा, तर आधी मान्यताप्राप्त संस्था हवी. आपल्याकडं नाबार्ड आहे, तिला ती मान्यता फार आधीच मिळाली. पण ज्या देशाच्या कृषी खात्यातच मोजकी माणसं, तिथं शेकडो पानांचे प्रस्ताव लिहायचे कुणी? मग बाहेरचा सल्लागार येतो, त्याची फी जाते, वर्षं जातात. बांगलादेशचे सलीमुल हक यांनी या देशांची बाजू मांडण्यात आयुष्य घातलं. अगदी पहिल्या हवामान परिषदेपासून ते हजर. पैसा राजधानीत अडकू नये, ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याच्यापर्यंत जावा, हा त्यांचा कायमचा आग्रह. झालेल्या हानीसाठी वेगळा निधी असावा, यासाठीही ते झटले. दुबईत ३० नोव्हेंबर २०२३ ला तो निधी सुरू झाला, त्याच्या महिनाभर आधीच ते गेले. त्या निधीत आजवर दिलेली वचनं मिळून एक अब्ज डॉलरही होत नाहीत.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. कमी विकसित देशांना वेगळा वाटा दिला, तर भारताचा वाटा कमी होणार नाही का? होऊ शकतो. आपल्या देशाच्या वाटाघाटी करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, आणि देणाऱ्यांनाही. रांगेतली माणसं आपसात भांडत राहिली, की धान्य कमी का आलं हे विचारायला कुणाला सवड राहत नाही. शिवाय यादी देशांची असते. पाऊस देश पाहून पडत नाही. भूतान २०२३ च्या डिसेंबरात यादीतून बाहेर पडला, पण डोंगरावरची सरोवरं जिथल्या तिथं आहेत. नेपाळ आणि बांगलादेशही बाहेर पडण्याच्या वाटेवर आहेत. उद्या त्यांनाही आपल्यासारखंच सांगितलं जाईल, की तुम्ही आता कर्ज पेलू शकता. म्हणून आज त्यांच्यासाठी अनुदानाचा नियम पक्का होणं, यात आपलाही फायदा आहे. दुबळ्यात दुबळ्याला मिळालेला हक्क पुढं इतरांना मागता येतो. कुणालाच न मिळालेला मागायला तोंड राहत नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात ब्राझीलमधल्या बेलेम इथल्या हवामान परिषदेत, अनुकूलनाचा, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठीचा, पैसा २०३५ पर्यंत तिप्पट करण्याचं आवाहन झालं. कमी विकसित देशांची मूळची मागणी २०३० ची होती. तिथंच प्रगती मोजायला ५९ निर्देशक स्वीकारले गेले. मोजमाप हवंच. पण दिल्लीत किंवा बेलेममध्ये भरलेला तक्ता खरा की खोटा, हे शेवटी गावातच कळतं. तेव्हा पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा दोन गोष्टी मागून घ्या. आपल्या गावाचा पाण्याचा ताळेबंद, आणि गेल्या पाच वर्षांत हवामानाच्या नावावर झालेल्या कामांची लाभार्थी यादी. ती यादी मोठ्यानं वाचायला सांगा. त्यात कोरडवाहू दोन-तीन एकरवाल्यांची नावं किती, बायकांच्या नावावरची किती, आणि ज्यांच्याकडं आधी घालायला पैसे होते त्यांची किती, ते मोजा. ही संख्या हातात असली, तर आपले प्रतिनिधी परदेशात ‘गरिबांपर्यंत पैसा पोचवा’ असं म्हणतील, तेव्हा आपणही त्यांना विचारू शकू, की यवतमाळात तो कुठवर पोचला.