विवाहाची नोंद आणि प्राप्तिकर
(ज्युबिली समारंभात केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी प्राप्तिकरासारख्या रुक्ष विषयावर बोलण्यास मी उभा राहिलो, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. परंतु प्रभूने ज्या मत्तयाला आपल्या मागे बोलाविले तो जकातीच्या नाक्यावरच बसला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हा विषय देवालयाच्या आवारात अगदीच परका ठरू नये.

आपल्या देवालयाच्या दप्तरात लग्नांची वही आहे. लग्नाच्या दिवशी तीत सही करून आपण ती विसरतो. परंतु ‘तुम्ही पतिपत्नी आहात काय, आणि केव्हापासून?’ असा प्रश्न करखात्याने विचारिला, तर त्याचे उत्तर त्या वहीतच सापडावयाचे. खात्याला संस्काराच्या पावित्र्याशी कर्तव्य नाही. दिवाणी कायदा ज्यास विवाह म्हणतो, त्यासच ते विवाह मानते.

सुदैवाने महाराष्ट्रात या दोहोंत अंतर नाही. ख्रिस्ती विवाहाचा १८७२ सालचा कायदा धर्मगुरूने पवित्र सभेच्या नियमांप्रमाणे लाविलेले लग्न कायदेशीर मानतो. रोमन कॅथोलिक लग्नांची नोंद बिशपांनी ठरविलेल्या नमुन्यात करून तिची यादी दर तीन महिन्यांनी सरकारच्या मुख्य निबंधकाकडे पाठवावी, असेही त्यात सांगितले आहे.

आता, विवाहाने करात फरक तो काय पडतो? आपल्या देशात पतीची व पत्नीची आकारणी निरनिराळी होते. हिंदूंच्या अविभक्त कुटुंबास मिळणारे वेगळे स्थान ख्रिस्ती कुटुंबास नाही. तथापि पतीने पत्नीस मोबदल्यावाचून पैसे देऊन ते तिच्या नावे ठेविले, तर त्यांचे व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. उलट, देणगीवर पत्नीस कर पडत नाही, कारण कायद्याने पती हा तिचा नातलग आहे. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या पुरुषाने स्त्रीस दोन लाख रुपये दिले, तर मात्र वर्षाची पन्नास हजारांची मर्यादा ओलांडल्यामुळे ते दोन्ही लाख तिचे उत्पन्न ठरावयाचे. दीर्घ सहवासावरून न्यायालय विवाह झाला असावा असे गृहीत धरू शकते, हे खरे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याविषयी तसे मानिले. परंतु ते अनुमान आहे, आणि पुराव्याने खोडता येते. वहीतील नोंदीची सर त्यास कोठून येणार?

तारखेचे महत्त्व कलकत्त्याच्या एका खटल्यावरून दिसते. तेथील एका गृहस्थाने डिसेंबर १९४७ मध्ये आपल्या वाग्दत्त वधूस कंपनीचे भाग दिले, आणि जानेवारी १९४८ मध्ये त्यांचे लग्न झाले. भागांवरील लाभांश पतीच्या उत्पन्नात धरावा, असा खात्याचा आग्रह. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६३ साली निर्णय झाला की, देणगीच्या वेळी ती पत्नी नव्हती, सबब हा नियम तिला लागू नाही. वाङ्निश्चय म्हणजे विवाह नव्हे, ही गोष्ट आपल्या आज्याही सांगत. न्यायालयास ती सांगावयास पंधरा वर्षे लागली!

गोव्याची रीत मात्र निराळी. ज्यांच्या सोयरिकी तिकडे आहेत त्यांनी हे विशेष लक्षपूर्वक ऐकावे. तेथे वधूवरांनी प्रथम सरकारी निबंधकापुढे आपला मनोदय नोंदवावयाचा, त्याचा दाखला घेऊन देवालयात लग्न लावावयाचे, आणि मग देवालयाचा उतारा सरकारी वहीत चढवावयाचा. तो चढला नाही, तर संस्कार झाला तरी कायद्याचे फळ मिळत नाही. ते फळ थोडे नाही. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज दिवाणी संहितेप्रमाणे पतिपत्नींची मिळकत समाईक होते. म्हणून १९९४ साली प्राप्तिकर कायद्यात एक कलम घालून ते १९६३ पासून लागू केले : अशा जोडप्याचे पगाराखेरीज सर्व उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटून आकारावे. घरभाडे चार लाख ऐंशी हजार आले, तर दोन लाख चाळीस हजार पतीचे, तितकेच पत्नीचे. पगार मात्र ज्याचा त्याचा. (गंमत अशी की, ती संहिता १८६७ ची असता कायद्याच्या कलमात १८६० छापले गेले.) २०२५ साली मंजूर झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही हा नियम राखिला आहे.

नोंदीवाचून विवाह मानणारे देशही आहेत. ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली धर्मगुरू व साक्षीदार आवश्यक ठरविण्यापूर्वी केवळ वधूवरांची संमती पवित्र सभेसही पुरेशी वाटे. त्याच जुन्या विचाराचा अवशेष अमेरिकेतील टेक्सस, कोलोराडो यांसारख्या काही राज्यांत उरला आहे. तेथे परस्परसंमतीने पतिपत्नी म्हणून राहणाऱ्यांस कायदा विवाहित मानतो, आणि १९५८ साली तेथील करखात्यानेही त्यांस तसेच मानिले. पुढे ती दुसऱ्या राज्यात राहावयास गेली तरी फरक पडत नाही. आपल्याकडे मात्र कोणी त्या भरवशावर राहू नये.

आज घरी गेल्यावर आपल्या लग्नाचा उतारा कपाटात आहे की नाही, ते पाहावे. त्यावरील नाव व पॅनकार्डावरील नाव ताडून पाहावे. एकावर बाप्तिस्म्याचे नाव आणि दुसऱ्यावर घरचे, असे पुष्कळदा आढळते. गोव्यात लग्न झालेल्यांनी उतारा देवालयाचा आहे की सरकारी निबंधकाचा, हेही निरखून घ्यावे. उतारा नसेल त्यांनी तो फादरांकडे मागावा. वही उघडून देण्यास ते आनंदाने तयार आहेत, असे त्यांनी मला सांगितले आहे.