महारोहिणीची शस्त्रक्रिया आणि मेंदूचे रक्षण
(मंडळाच्या बारवी धरणाजवळ भरलेल्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सेवानिवृत्त शाळामास्तर. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. तथापि गेल्या वर्षी आमच्या घरावर जो प्रसंग आला त्याने जे शिकविले, ते आपल्या कानी घालावे म्हणून चालकांची आज्ञा मी शिरोधार्य मानली.

ऐन आषाढात माझ्या धाकट्या बंधूंच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, काही फाटत असल्यासारखी कळ आली. एका डॉक्टरांनी वायूचे औषध दिले आणि अर्धा दिवस त्यातच गेला. पुढे मुंबईस तपासणी झाली तेव्हा कळले, की हृदयातून निघणारी महारोहिणी आतून चिरली असून चीर कमानीपर्यंत पोहोचली आहे. या दुखण्यात तासागणिक धोका वाढतो. संमतिपत्रावर अर्धांगवायू, वाचा जाणे असे शब्द होते. ते वाचून भावजयीने शस्त्रवैद्यांस विचारले, “हे वाचतील, पण आम्हांला ओळखतील ना?”

त्या प्रश्नातच सारे मर्म आहे. समोरच्या धरणाचेच उदाहरण घेऊ. बारवीचे पाणी अंबरनाथ, उल्हासनगरापर्यंत जाते. मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती असली, की शुक्रवारी पाणी बंद. आपण आदल्या दिवशी पिंपे भरून ठेवतो. मेंदूच्या घरी मात्र पिंप नाही! शरीराच्या वजनाचा पन्नासावा भाग असलेला हा अवयव प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा घेतो, आणि साठवीत काहीच नाही. रक्त थांबल्यास चार-पाच मिनिटांत त्याची हानी सुरू होते. मेंदूकडे जाणाऱ्या शाखा नेमक्या त्या कमानीवरूनच निघतात. मग कमान कापून नवी नळी शिवावयाची तरी कशी?

एक उपाय म्हणजे मेंदूची गरजच कमी करणे. थंड शरीरास प्राणवायू कमी लागतो, हे टोरांटोच्या बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले. अमेरिकेतील रँडल ग्रीप यांनी १९७५ साली चार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शरीर खूप थंड करून, रक्ताभिसरण पूर्ण थांबवून त्यांनी कमान बदलली होती. अठरा-वीस अंशांपर्यंत उतरविल्यास साधारण वीस ते तीस मिनिटे मिळतात. पुढे मात्र घड्याळ वैरी होते.

दुसरा उपाय पर्यायी वाहिनीचा. मायकेल डिबेकी यांनी १९५७ सालीच मेंदूस वेगळ्या नळ्यांनी रक्त देऊन कमान बदलली होती. आज बहुधा उजव्या काखेजवळच्या रोहिणीतून यंत्राचे रक्त वर सोडतात. मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे एक कडे आहे, त्यातून ते डाव्या बाजूसही पोहोचते. काहींच्या शरीरात हे कडे अपुरे असते. तेव्हा डावीकडे निराळी नळी घालावी लागते. कपाळावर चिकटविलेले उपकरण प्रकाशाच्या साहाय्याने आतील प्राणवायूचा अंदाज देत राहते. ही सोय असली, की पंचवीस-अठ्ठावीस अंशांची थंडीही बहुतेकदा पुरते. शेवटी ऊब द्यावयाची ती हळूहळू. घाईने तापविलेल्या मेंदूस इजा होते.

आपल्याकडे हृदयाचे कौतुक फार. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपण केले, ते वडीलधाऱ्यांच्या तोंडी आम्ही कितीदा ऐकले! हृदय काही काळ थांबवून पुन्हा चालविता येते, मेंदूस मात्र ती सवलत नाही, हे मला साठी उलटल्यावर उमगले.

बंधू शुद्धीवर आले ते दुसऱ्या दिवशी. दोन दिवस ते असंबद्ध बोलत, मला आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारीत. भावजयीचा धीर सुटला. असा संभ्रम पुष्कळांना होतो व बहुधा ओसरतो, हे आधी कोणी सांगितले असते तर त्या रात्री इतक्या जड गेल्या नसत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, “दादा, बारवी भरली का?” भावजय तेथेच खाली बसली.

अजूनही एखादा शब्द त्यांना चटकन सुचत नाही. हिशेब मात्र पूर्वीसारखाच चोख.

हे दुखणे काही कुळांतून उतरते. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही उरलेल्या भावंडांनी व त्यांच्या मुलांनी महारोहिणीची तपासणी करून घेतली. वाढलेला रक्तदाब हे तिचे मोठे कारण, आणि तो मुळीच दुखत नाही. चहापानानंतर मंडपाच्या डाव्या बाजूस रक्तदाब मोजण्याची सोय केली आहे. माझी विनंती, की वडील मंडळींनी प्रथम तेथे जावे आणि मग पंगतीस बसावे.