भाड्याचे घर सोडताना अनामतीचा हक्क

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांस या मेळाव्यात दोन शब्द बोलण्याचा मान दिला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवर परिचय, वसतिगृहाचा निधी या विषयांवर या व्यासपीठावरून नेहमी बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या अनेक घरांना मनस्ताप देणारा एक विषय येथे सहसा निघत नाही. तो म्हणजे भाड्याचे घर सोडताना अनामत रक्कम परत मिळण्याचा. आम्ही वकील नाही, शाळामास्तर आहोत. म्हणून कायद्यात जे स्पष्ट लिहिले आहे तेवढेच सांगू.

हा प्रश्न आपल्या दारी का आला, हे आपण जाणताच. ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाल्यापासून निलंगा, उदगीर, अहमदपूरचीच नव्हे, तर दूरच्या जिल्ह्यांतील मुले अकरावी-बारावीसाठी लातुरास येतात. नांदेडातही शिकवणी वर्गांमुळे आणि १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठामुळे मुखेड, कंधार, देगलूर, किनवटकडची कुटुंबे खोल्या शोधीत असतात. वडील शेतीसाठी गावी राहतात आणि आई मुलाबरोबर शहरात दोन खोल्यांत संसार मांडते. त्या खोल्यांची अनामत सोयाबीनच्या पट्टीतून किंवा कानांतील फुले गहाण ठेवून भरलेली असते. परीक्षा आटोपली की पुढील प्रवेशाचे पैसे याच रकमेतून उभे करावयाचे असतात. आणि नेमके तेव्हाच रंग उडाला, नळ गळतो, अशा सबबी निघतात, किंवा मुदतीपूर्वीच ‘उद्या खोली खाली करा’ असा निरोप येतो.

दुसरी बाजूही याच मंडपात बसली आहे. आपल्यापैकी कित्येकांनी निवृत्तीचे पैसे घालून वरच्या मजल्यावर खोल्या बांधल्या आहेत आणि त्या भाड्यावर त्यांचे उतारवय चालते. मालक आणि भाडेकरू दोघेही पुष्कळदा आपलेच असतात. ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला?’ असे म्हणून व्यवहार तोंडी होतो, आणि वाद निघाला म्हणजे पैशांबरोबर सोयरीकही तुटते.

प्रथम अनामत म्हणजे काय ते पाहू. हा शब्द ‘अमानत’ या शब्दापासून आला; विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. भाडे मालकाचे होते. अनामत ही परत करावयाची ठेव असते. थकलेले भाडे, विजेचे बिल किंवा खरोखर झालेली मोडतोड एवढीच करारानुसार तीतून वजा व्हावी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात भाडेकरूने घर होते तशा स्थितीत परत करावे असे सांगताना, वाजवी वापराने होणारी झीज वगळली आहे. फुटलेले दार ही मोडतोड. दोन वर्षांत फिका पडलेला रंग ही झीज. हा भेद ध्यानी ठेवला तर निम्मी भांडणे मिटतील.

आता आपल्या प्रांताचा कायदा. निजामी राजवट १९४८ साली संपल्यावर हैदराबाद राज्यात १९५४ साली घरभाडे व घर खाली करून घेणे यांच्या नियंत्रणाचा कायदा झाला. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला, तरी येथे तोच कायदा चालू राहिला. मुंबईकडे १९४७ चा कायदा आणि विदर्भात निराळा हुकूम होता. हे तिन्ही दूर सारून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

या कायद्याने अनामत घेण्यास मनाई केलेली नाही आणि तिला कमाल मर्यादाही घातलेली नाही. केंद्र सरकारने २०२१ साली एक आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये आणि ताबा घेतेवेळीच, वजावट करून, ती परत करावी, असे त्यात आहे. परंतु तो केवळ नमुना आहे; राज्याने स्वतः कायदा केल्यावाचून तो लागू होत नाही. तात्पर्य, आपले खरे संरक्षण आपल्या करारात आणि पावतीत आहे.

अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे घरोघर आहे. तो चूक आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा वा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. म्हणजे कागद न करण्यात मालकाचेच अधिक नुकसान आहे. कलम ३१ प्रमाणे घराबाबत घेतलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे. अनामतीची पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे.

घर खाली करण्याचा प्रसंग आला तर काय करावे? नियमित भाडे देणाऱ्या भाडेकरूस मालक केवळ मर्जीने काढू शकत नाही. त्यास कायद्यात सांगितलेले कारण आणि न्यायालयाचा हुकूम लागतो. भाडे थकले तरी लेखी मागणीनंतर ९० दिवस गेल्यावाचून त्या कारणावर दावा लावता येत नाही. कुलूप बदलणे, सामान बाहेर टाकणे हे बेकायदेशीर आहे. असा बाहेर काढलेला मनुष्य १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा करू शकतो. नळ किंवा वीज तोडल्यास कलम २९ खाली न्यायालय ती पूर्ववत करण्याचा हुकूम देते.

मात्र ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार असेल तर मुदत संपताच जागा सोडावी लागते. ‘अनामत मिळेपर्यंत उठणार नाही’ असा हट्ट धरणाऱ्यावर कलम २४ खाली दुप्पट शुल्काचा बोजा पडू शकतो. शेवटचे दोन महिने भाडे न देता ‘अनामतीतून कापा’ म्हणणेही धोक्याचे. दोघांची लेखी संमती असेल तरच तसे करावे.

शहाणपणाची रीत अशी. घरात शिरतानाच भिंती, नळ, दारे-खिडक्या आणि मीटर यांची छायाचित्रे घ्यावीत. अनामत बँकेतून द्यावी. ती किती दिवसांत परत होईल आणि कशासाठी वजा होईल, हे करारात लिहून घ्यावे. घर सोडण्याची लेखी सूचना मुदतीत द्यावी. किल्ली देताना अनामत घ्यावी; ते न जमल्यास किल्ली पोहोचल्याची पोच व शिल्लक रकमेचा कागद घ्यावा. मध्यंतरी घर विकले गेल्यास अनामतीची जबाबदारी कोणाकडे, हे जुन्या-नव्या दोन्ही मालकांकडून लिहून घ्यावे.

इतके करूनही रक्कम न मिळाल्यास स्पीड पोस्टाने मागणीची नोटीस पाठवावी. पुढे दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. त्यास तीन वर्षांची मुदत आहे, ती चालढकलीत घालवू नये. दाव्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. नांदेड व लातूर दोन्हीकडे ते आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो, तेथे मोफत वकील मिळू शकतो. मुलासाठी शहरात एकटी राहणाऱ्या आपल्या भगिनींनी हे अवश्य ध्यानी ठेवावे. लोकअदालतीत समेट झाला तर त्यास न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते.

मंडळास आमची एक विनंती आहे. कराराचा व पावतीचा मराठी नमुना मंडळाने छापून ठेवावा आणि समाजातील वकील बंधूंनी महिन्यातून एक दिवस सल्ल्यास बसावे. सामोपचाराचा प्रयत्न अवश्य व्हावा. पण मंडळाने न्यायासनावर बसू नये, आणि न्यायालयात गेला म्हणून कोणास वाळीत टाकण्याची भाषा तर कदापि निघू नये. २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि माणुसकीने तो त्याही आधी गुन्हाच होता.

घरमालक बंधूंना शेवटी एवढेच सांगावयाचे, की कोणाच्या मुलाचे पुढील शिक्षण आपल्या हाती ठेव म्हणून असते. ते किल्लीबरोबर परत करावे.