शाळेचा गुलाब नेमका कोणता?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. त्या संधी तुमच्या मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, म्हणून मी विषय बदलून मागितला. दोन महिने आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जे भांडण चाललंय, त्यावरच बोलते. पूर्वेच्या कुंपणालगतचा आपला गुलाब कसा होता?

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. मे महिन्यात त्या कुंपणाच्या जागी नव्या प्रयोगशाळेचं काम सुरू होतंय. तिथलं झुडूप उचलून नव्या इमारतीपुढे लावायचं आणि खाली पाटी लावायची, असं ठरलं. पाटीवर काय लिहायचं असं विचारल्यावर मात्र उत्तरं आली ती अशी. पंच्याऐंशीच्या आसपासच्या बॅचेस म्हणतात, गर्द लाल, मखमली, वासाने जीव वेडा व्हायचा. आमच्या शहाण्णवच्या बॅचमधले दुपारच्या शाळेतले मुलगे म्हणतात, राणी रंगाचा होता आणि वास वगैरे काही नव्हता. दोन हजार दहानंतरची मुलं म्हणतात, तिथे कुठला लाल गुलाब? नुसतं जाळं आहे, एखाद्या वर्षी थंडी सरताना बारकी पांढरी फुलं येतात.

आमच्या धंद्यात दोन माणसांनी एकमेकांच्या उलट तक्रारी केल्या, तर आधी दोघंही खरं बोलताहेत असं धरून चालावं लागतं. इथेही मी तसंच केलं. आणि माझ्या मते सगळेच खरं बोलताहेत.

आधी पांढऱ्या फुलांचं. गेल्या महिन्यात मी त्या जाळ्यापाशी जाऊन बसले. शास्त्राच्या बाई इथे बसल्या आहेत, त्यांनी आठवीत शिकवलेली उपपर्णे आठवतात का? पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चिकटलेली ती हिरवी पट्टी. साध्या बागेतल्या गुलाबात तिची कड बरीचशी सरळ असते. आपल्या झुडपात ती कंगव्यासारखी झालरदार आहे. पर्णिका पाचाऐवजी सात आणि नऊ. ही रोझा मल्टिफ्लोराची खूण. (सात पानं म्हणजे जंगली, हा नर्सरीवाल्यांचा नियम मात्र जसाच्या तसा घेऊ नका. चांगल्या बागेतल्या गुलाबालाही अधूनमधून सात येतात. झालर पाहा.)

आता मल्टिफ्लोरा शाळेत कोण कशाला लावेल? कुणी लावलाच नाही. बागेतला गुलाब बहुधा दोन झाडांचा मिळून असतो. खाली काटक जातीचा खुंट आणि त्यावर हव्या त्या जातीचा भरलेला डोळा. वरचा भाग एखाद्या उन्हाळ्यात पाण्यावाचून किंवा रोगाने वाळला, की खालचा खुंट मोकळा सुटतो. गाठीच्या खालून फुटवे येतात, ते जोमदार असतात, सगळ्यांना वाटतं झाड सावरलं. ‘आमचा लाल गुलाब पांढरा झाला’ असं कुणी सांगितलं, तर नव्वद टक्के वेळा हीच गोष्ट असते, असं मी छातीठोकपणे म्हणते. म्हणजे आपण मे महिन्यात जे झुडूप सन्मानाने हलवणार आहोत, तो फक्त खुंट आहे. मोठ्या बॅचेसना आठवतो तो गुलाब तिथे केव्हाच संपला आहे.

आता लाल की राणी, आणि वास होता की नव्हता.

गुलाबाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. थंडीत तो भरपूर तयार होतो, उन्हाळ्यात कमी होतो आणि उडतोही. पाकळी जुनी झाली की तिच्या पेशीतल्या रसाची आम्लता घटते आणि तोच लाल जांभळट दिसू लागतो. पाकळ्यांची संख्यासुद्धा ठरलेली नसते, कळी थंडीत घडली तर पाकळ्या जास्त. आपले शिपाईमामा ऑक्टोबरात छाटणी करायचे, फुलं दीड-एक महिन्याने यायची. म्हणजे डिसेंबर-जानेवारीतला गुलाब आणि मार्च-एप्रिलमधला गुलाब हे एकाच झाडाचे असून दोन दिसतात. सव्वीस जानेवारीला ध्वजाखाली जी फुलं ठेवायचे ती गर्द लाल. परीक्षेच्या वेळी खिडकीतून दिसायची ती फिकट, राणी. हे फक्त आपल्याच झाडाचं नाही. ‘पीस’ नावाचा जगप्रसिद्ध गुलाब आहे, १९४५ साली अमेरिकेत त्याचं नामकरण झालं. पिवळा, कडेला गुलाबी. पण ती गुलाबी किनार हवेप्रमाणे इतकी बदलते की पहिल्यांदा पाहणारा नर्सरीवाल्याशी भांडायला जातो. ‘डबल डिलाइट’चा लाल तर ऊन लागल्याशिवाय नीट चढतच नाही. सावलीत वाढवा, फूल बरंचसं मलईच्या रंगाचं राहील.

वासाचं आणखी मजेदार आहे. गुलाबाचा वास म्हणजे एक पदार्थ नाही. फिनाइल इथेनॉल, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल अशी मंडळी त्यात असतात, आणि चिनी गुलाबांकडून आलेला चहाच्या पानांसारखा वास वेगळाच. हे पदार्थ पाकळी दिवसभर सारखे सोडत नाही, त्याला वेळापत्रक असतं. शिवाय उन्हात ते पटकन उडून जातात. म्हणून तर कनौजला अत्तराची फुलं पहाटे तोडतात. अर्धवट उमललेल्या फुलाला वास भरपूर, पूर्ण पसरलेल्याला जेमतेम. आता आठवा, आपल्याकडे मुलींची शाळा सकाळी सातची आणि मुलांची साडेबाराची! मुली प्रार्थनेला उभ्या राहायच्या तेव्हा फूल नुकतं उमलत असायचं. मुलगे यायचे तेव्हा एप्रिलचं ऊन डोक्यावर. ‘मुलग्यांना नाकच नाही’ असं गटावर एका मैत्रिणीने लिहिलं, ते तिने मागे घ्यावं.

काही गुलाबांना मुळातच वास नसतो, हेही खरं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१५ साली ‘पापा मेयाँ’ हा सुगंधी आणि ‘रूज मेयाँ’ हा बिनवासाचा, असे दोन लाल गुलाब शेजारी ठेवून तपासले. जिरॅनिऑल बनवण्यासाठी लागणारं एक विकर सुगंधी गुलाबात जोरात कामाला होतं, दुसऱ्यात जवळजवळ झोपलेलं. तेव्हा लाल दिसतो म्हणजे वास असणारच असं नाही. आपल्या गुलाबाला मात्र होता, एवढ्या मुलींची साक्ष मी फेटाळणार नाही.

मग नाव काय? गटावर बहुमत ‘ग्लॅडिएटर’ला आहे. हा १९५५चा अमेरिकन वाण, आपल्याकडच्या मळ्यांत उघड्यावर भरपूर लावला गेला. नाशिकला एकेकाळी गुलशनाबाद म्हणायचे, गुलाब आपल्याला परका नाही, तेव्हा शाळेत तोच आला असणं अगदी शक्य आहे. पण ‘सगळीकडे होता’ हा पुरावा नव्हे. चित्रकलेचे सर मला म्हणाले, ‘अगं, ते फूल मान खाली घालून असायचं, चित्र काढताना वर धरायला एक मुलगा लागायचा.’ मान टाकणं ही ‘क्रिमसन ग्लोरी’ची प्रसिद्ध खोड. तो १९३५चा जर्मन वाण, गर्द लाल, मखमली, वासाला जबरदस्त. सरांच्या एका वाक्याने माझी सगळी मांडणी हलली. तरीही मी पाटीवर ते नाव लिहू देणार नाही. पाण्याचा ताण असला तर दुसऱ्या गुलाबाचीही मान पडते.

सुदैवाने आपल्याकडे त्याहून चांगला पुरावा असू शकतो. छाटणीच्या दिवशी मामा छाटलेल्या फांद्या मागेल त्याला द्यायचे, आठवतं? आपण त्या डालड्याच्या डब्यात खोचायचो. बऱ्याच वाळल्या असतील. पण ज्या जगल्या त्या स्वतःच्याच मुळांवर वाढल्या. त्यांच्याखाली खुंट नाही, म्हणून झाड कितीही वेळा वाळून पुन्हा फुटलं तरी येईल तो शाळेचाच गुलाब. मूळ झाड गेलं, त्याच्या फांद्या मात्र कुणाच्या तरी अंगणात असतील.

दोन दावेदार मिळाले आहेत. एक सिन्नरला, अंगणात, पुरुषभर उंच. दुसरा पुण्यात गच्चीवर, कुंडीत, गुडघ्याएवढा. पहिल्याचं फूल गर्द लाल, दुसऱ्याचं राणीकडे झुकणारं, म्हणून दोन्ही मैत्रिणी एकमेकींच्या झाडाला तोतया म्हणताहेत. मी दोन्ही पाहिली. काट्यांचा बाक सारखा, पानाची चकाकी सारखी. फुलाखालची पाच निदलं मोजली. त्यांतली दोन दोन्ही बाजूंनी झालरदार, दोन साधी आणि एक फक्त एका बाजूने झालरदार. ही मांडणी अनेक गुलाबांत असते, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण झालर किती लांब आणि कशी, तेही दोन्हींत जुळलं. तापलेली गच्ची आणि कुंडीतली माती रंगात एवढा फरक पाडू शकते. एकाच वाफ्यात शेजारी शेजारी लावून पुढच्या थंडीत पाहिलं तरच खरं कळेल.

मुख्याध्यापकांनी ग्रंथालयामागचा वाफा त्यासाठी दिला आहे. पाटीचं काम तोवर थांबवावं, ही माझी समितीला विनंती. मल्टिफ्लोराही फेकायचा नाही. इतकी वर्षं ती जागा त्यानेच धरून ठेवली, आणि डोळे भरायला खुंट लागणारच आहे.

तुमच्या घरी मामांनी दिलेली फांदी जगली असेल, तर हाच महिना पाहण्याचा. पहाटे वास घ्या, फुलाचा सलग चार दिवस फोटो काढा, पानाचा देठ जवळून टिपा. फांदी आणायची असेल तर पेन्सिलीएवढी जाड, फूल नुकतंच गळालेली, ओल्या फडक्यात गुंडाळून आणि वरून पिशवी बांधून. वाफ्याची किल्ली मामांच्या मुलाकडे आहे, तो आता शाळेतच आहे. त्याला आधी फोन करा, रविवारी तो गावाला जातो.