बिघडलेले इंजिन आणि घरचे अंगण



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म असे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्यांच्या पंगतीत मोटारसायकलच्या इंजिनाने येऊन बसावे, आणि तेही रिद्धपुरात, हे काहींना विचित्र वाटले असेल. परंतु मंडपाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहा. दूध, संत्री, शाळेत जाणारी मुले, दवाखान्यात न्यायची म्हातारी माणसे, सारे त्यांच्यावरच चालले आहे. बैलगाडीचा आस मोडला, तर घरी काय करायचे आणि सुताराकडे काय न्यायचे, हे आपल्या आजोबांना नेमके ठाऊक होते. इंजिनाच्या बाबतीत ती रेघ आपण आखलेली नाही. म्हणून एक तर आपण सगळेच मिस्त्रीवर सोडतो, नाही तर उत्साहाच्या भरात नको ते खोलून बसतो.

आपल्याकडे गाडीशी पहिली ओळख झाली ती टू-स्ट्रोक इंजिनाची. पोलंडच्या एका गाडीच्या धर्तीवर एस्कॉर्ट्स कंपनीने काढलेली राजदूत, म्हैसूरची जावा आणि पुढची येझदी, १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने आणलेली लूना, ही सारी त्याच जातीची. या इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. तेवढेच त्याचे वंगण. ऑइल घालायचे राहिले की गाडी चार-सहा मैलांत जाम. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि फोर-स्ट्रोकचे युग खेड्यापाड्यांत पोचले. ऑइल आता इंजिनाच्या पोटात वेगळे राहू लागले; रोज मिसळण्याची कटकट गेली. पण कटकटीबरोबर आठवणही गेली! आमच्या भागातील एका दूधवाल्याची गाडी भर वैशाखात बसली. ऑइल केव्हा पाहिले होते, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "गाडी त पेट्रोल पेते, मंग आइल कायले पाहा लागते?" आत जेमतेम वाटीभर काळा चिखल निघाला.

आता इंजिन जाम होते म्हणजे काय होते? पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यात फिरतो त्या सिलिंडरची आतली भिंत बहुधा बिडाची. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. दोहोंमध्ये फट असते ती मिलिमीटरच्या काही शतांशांची, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. त्या फटीत ऑइलचा पातळ पापुद्रा असतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर पिस्टन एका सेकंदात शंभर वेळा वर जातो आणि शंभर वेळा खाली येतो. पापुद्रा तुटला की धातू धातूला घासतो, तापतो, फुगतो आणि चिकटतो. त्यात आपला वऱ्हाडचा उन्हाळा. पारा पंचेचाळीस अंशांवर गेलेला. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंखांवर काळ्या मातीचा लेप वाळून बसला असेल, तर आतली उष्णता बाहेर पडणार कशी? ती माती खरवडून काढणे हीदेखील दुरुस्तीच आहे, आणि ती फुकट होते.

गाडी बसली की आपला पहिला आवेश किकवर निघतो. तो आवरावा. किकवर उभे राहून नाचल्याने पिस्टन सुटत नाही, किकचे दाते मात्र सुटतात. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. प्लग काढावा, त्या भोकातून थोडे पातळ ऑइल आत सोडावे आणि रात्रभर राहू द्यावे. सकाळी वरचा गिअर टाकून मागचे चाक हळूहळू पुढे-मागे हलवावे. पुष्कळदा पिस्टन सुटतो. मात्र सुटला म्हणजे बरा झाला, असे नव्हे. त्याच आनंदात गाडी चालू करून बाजाराला जाणारे लोक मी पाहिले आहेत. ते बाजारातून बैलगाडीत परत येतात.

खोलण्यापूर्वी पाहावे आणि ऐकावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सुरू करताना थोडा वेळच निळा धूर येत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यावा. ओढताना सतत येत असेल तर रिंगांवर. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा. प्लगही बोलतो. तो ऑइलने ओला असेल तर एक गोष्ट, कोरड्या काजळीने भरला असेल तर दुसरी, आणि पांढराफटक पडला असेल तर इंजिन फार तापत होते. मिस्त्रीकडे गेलात तरी एवढे पाहून जावे. ज्याला काही ठाऊक नाही त्याच्या गाडीला जास्त सामान लागते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

हेड आणि सिलिंडर उतरविण्याचे काम काळजीवाल्या माणसाला अंगणात करता येते. अंगणात म्हणतो, कारण रॉकेल-पेट्रोलने भाग धुवायचे ते चुलीजवळ नव्हे. आणि बंद खोलीत इंजिन चालू करून पाहणे म्हणजे विषारी वायूला घरात बोलावणे होय. जमिनीवर स्वच्छ चादर पसरावी, भाग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने मांडावेत. हेडचे नट एकदम एक न काढता आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करावेत. नाही तर हेड वाकते. टायमिंग चेन काढण्यापूर्वी मॅग्नेटवरची खूण आणि वरच्या चक्रावरची खूण जुळवून कागदावर चित्र काढून ठेवावे. सिलिंडर वर उचलताच खालच्या तोंडात स्वच्छ चिंधी कोंबावी. पिस्टनच्या पिनेची बारीक तारेची क्लिप सटकून इंजिनाच्या पोटात पडली, तर शंभर रुपयांच्या कामाचे हजारांचे होते. ही क्लिप पुन्हा वापरू नये, नवीच घालावी.

मग सिलिंडरच्या आत नख फिरवून पाहावे. ओरखडा नखाला लागत असेल, तर तेथे घरचे काम थांबले. तो ब्लॉक लेथवाल्याकडे न्यावा. तो बोअर वाढवील आणि त्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन बसेल. हे पिस्टन साधारणतः पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीने मोठे मिळतात. मात्र आधी पिस्टन घ्यावा आणि तो लेथवाल्याच्या हातात द्यावा. बोअर पिस्टनला मापून करायचा असतो. पॉलिश पेपरने घासून ओरखडा घालविणारे गावोगाव आहेत. त्यांच्या हातून बोअर गोल राहत नाही. त्याचप्रमाणे खालून ठकठक आवाज येत असेल, कनेक्टिंग रॉड वर-खाली हलत असेल, तर क्रँक उघडण्याच्या भानगडीत घरी पडू नये. त्याला दाबयंत्र लागते. हातोडा हे त्याचे उत्तर नव्हे.

हे ज्ञान आज मिस्त्रींच्या तोंडी आहे. 'आटे गेले', 'गाडी ऑइल खाते', 'रिंगा बसल्या' या त्यांच्या बोलीत मला कोणत्याही पारिभाषिक कोशापेक्षा अधिक नेमकेपणा दिसतो. याच गावी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठून, विचारून आठवणी मराठीत लिहिल्या. आता २०२४ पासून येथे मराठी भाषेचे विद्यापीठही सुरू झाले आहे. एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन चांदूर बाजार-मोर्शीच्या गॅरेजांत वर्षभर बसावे, अशी माझी सूचना आहे. हात काळे झालेली म्हातारी माणसे भराभर कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर टू-स्ट्रोकचे बरेचसे गेलेच.

जोडणीबद्दल थोडेसे. नव्या रिंगेवरची खूण वर यावी, रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ नयेत, पॅकिंग नवे असावे, आणि किक मारण्यापूर्वी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहावे. अडले तर जोर करू नये, पुन्हा खोलावे. पहिले पाचशे किलोमीटर गाडी दामटू नये आणि त्यानंतर ऑइल बदलावे. निघालेले काळे ऑइल विहिरीकडच्या नाल्यात ओतू नका.

एक ओरखडलेला पिस्टन आणि एक चांगला, असे दोन्ही मी येथे टेबलावर आणून ठेवले आहेत. अध्यक्षांची परवानगी असेल तर पुढे येऊन दोहोंवर नख फिरवून पाहावे. चिंधी बाजूला ठेवलेली आहे.