दुभंगलेल्या ओठाच्या लेकराचे दात

आमच्या गटातल्या एका ताईचा मुलगा दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊनच जन्मला. तिने ग्रहणात भाजी चिरली म्हणे! सासूचं हे बोलणं तिने वर्षानुवर्षं ऐकलं. ग्रहणाचा यात काही संबंध नाही, बायांनो. ओठ-टाळू पोटात पहिल्या तीन महिन्यांत जुळायचे असतात, ते जुळले नाहीत, एवढंच.

ऑपरेशनं नीट झाली. पण शिवलेल्या जागेला हात लावायची तिला भीती, म्हणून तिथले दात कधी घासलेच नाहीत. ९व्या वर्षी हिरडीच्या फटीत हाड बसवायचं ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी किडलेले दात नीट करा, मगच. त्यात सहा महिने गेले.

फटीजवळचे दात वाकडे येतात, अन्न तिथंच अडकतं. जखम भरेपर्यंत डॉक्टर सांगतील तसं करा. मग मात्र घाबरू नका. लहान, मऊ ब्रश घ्या. लेकराचं डोकं मांडीवर, बोटाने ओठ अलगद उचला आणि फटीच्या कडेचा एकेक दात घासा. ३ वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी. आपण मिश्री लावतो म्हणून त्याला नको. रात्री घासल्यावर फक्त पाणी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पथक अंगणवाडीत कधी येणार, ते सेविकाताईंना विचारा.

त्या ताईचा मुलगा आता स्वतः घासतो. तरी ती रात्री एकदा ओठ उचलून बघतेच.